कपॅसिटर आणि कॉइलची घातांकी समीकरणं: आधी तीन आकडे काढा, मग लॉग घ्या

कपॅसिटर चार्ज होतानाचं सूत्र वेगळं, डिस्चार्जचं वेगळं, कॉइलमधला करंट वाढतानाचं आणखी एक, उतरतानाचं आणखी एक, वर ५५५ टायमर या वेळ मोजणाऱ्या आयसीचे १.१ आणि ०.६९३ असे आकडे. एवढं सगळं पाठ करणारा विद्यार्थी पहिल्या आडवळणाच्या गणितात अडकतो, कारण कपॅसिटर अर्धवट चार्ज असताना किंवा रेझिस्टर एकाऐवजी दोन असताना कुठलं सूत्र लावायचं हे पाठांतर सांगत नाही. पाठ करायची गरजही नाही. एकच कपॅसिटर किंवा एकच कॉइल, बाकी रेझिस्टर आणि स्थिर डीसी सप्लाय असेल, तर सगळी गणितं या एका ओळीत बसतात:

मूल्य = अंतिम + (सुरुवात − अंतिम) × ई^(−वेळ ÷ टाऊ)

इथे ई म्हणजे २.७१८ आणि टाऊ म्हणजे टाइम कॉन्स्टंट. कपॅसिटरच्या सर्किटमध्ये ‘मूल्य’ म्हणजे कपॅसिटरवरचं व्होल्टेज, कॉइलच्या सर्किटमध्ये कॉइलमधला करंट. हीच दोन राशी धरायची, कारण याच एकदम उडी मारत नाहीत. स्विच दाबताच रेझिस्टरमधला करंट क्षणात बदलू शकतो, कपॅसिटरवरचं व्होल्टेज बदलू शकत नाही. म्हणून सुरुवातीचा आकडा खात्रीने सांगता येतो तो याच राशींचा. आधी त्या सोडवा, मग इतर करंट आणि व्होल्टेज ओहमच्या नियमाने काढा.

वेळ विचारली असेल तर तेच समीकरण उलटवायचं. ज्या पातळीला पोचायला लागणारा वेळ हवा आहे तिला ‘लक्ष्य’ म्हणू:

वेळ = टाऊ × एलएन[(सुरुवात − अंतिम) ÷ (लक्ष्य − अंतिम)]

एलएन म्हणजे पाया ई असलेला नैसर्गिक लॉग. हे सूत्र कुठून आलं तेही पाहून ठेवा, दोनच पायऱ्या आहेत. रेझिस्टरमधून कपॅसिटरकडे जाणारा करंट हा अंतिम व्होल्टेज आणि सध्याचं व्होल्टेज यांच्या फरकाच्या प्रमाणात असतो, आणि व्होल्टेज किती वेगाने बदलेल हे त्या करंटवर ठरतं. म्हणजे जेवढा फरक उरलाय तेवढ्याच प्रमाणात तो फरक कमी होत जातो. असं वागणाऱ्या राशीचं उत्तर ई च्या ऋण घातात येतं, आणि घात खाली आणायला लॉग लागतो. समीकरणात घटतो तो फरक, व्होल्टेज नव्हे. ‘सुरुवात − अंतिम’ हा कंस याच फरकाचा आहे.

एक टाऊ झाल्यावर मूळ फरकाचा ३६.८ टक्के भाग उरतो, दोन टाऊनंतर १३.५, तीननंतर ५, चारनंतर १.८ आणि पाचनंतर ०.७ टक्के. म्हणून पाच टाऊ झाले की सर्किट स्थिरावलं असं व्यवहारात धरतात. उत्तर तपासायला हे आकडे तोंडपाठ असलेले बरे.

तीन आकडे काढायची पद्धत

१. सुरुवात. स्विच हलण्याच्या ऐन आधीची अवस्था बघा. तेव्हा कपॅसिटरवर जे व्होल्टेज किंवा कॉइलमधून जो करंट होता, तोच स्विच हलल्यानंतरच्या पहिल्या क्षणीही असतो. प्रश्नात ‘बराच वेळ चालू असलेलं सर्किट’ असं म्हटलं असेल, तर ते जुन्या अवस्थेत स्थिरावलेलं होतं असं समजा.

२. अंतिम. स्विच हलल्यानंतरचं सर्किट नव्याने काढा. त्यात कपॅसिटरच्या जागी तुटलेली तार आणि कॉइलच्या जागी सरळ तार ठेवा. खऱ्या कॉइलला स्वतःचा रोध असतो, तो मात्र ठेवायचा. अशा सर्किटमध्ये जे व्होल्टेज किंवा करंट मिळतो तो अंतिम आकडा.

३. टाऊ. सप्लाय मेलेला समजा, म्हणजे व्होल्टेज सोर्सच्या जागी तार टाका. आता कपॅसिटर किंवा कॉइल काढून त्या दोन टोकांतून आत डोकावलं तर किती रोध दिसतो तो मोजा. कपॅसिटरसाठी टाऊ = रोध × कपॅसिटन्स, कॉइलसाठी टाऊ = इंडक्टन्स ÷ रोध. कॉइलमध्ये भागाकार आहे: रोध वाढला की कॉइलचं सर्किट लवकर स्थिरावतं, कपॅसिटरचं उशिरा.

हे तीन आकडे कागदावर मांडल्याशिवाय कॅल्क्युलेटर हातात घेऊ नका. बऱ्याच चुका इथेच टळतात.

उदाहरण घेऊ. १२ व्होल्टचा सप्लाय, त्याला सिरीजमध्ये १० किलोओहम, पुढे ४७ मायक्रोफॅरडचा रिकामा कपॅसिटर, आणि कपॅसिटरला समांतर २० किलोओहम. स्विच चालू केल्यावर कपॅसिटर ५ व्होल्टला कधी पोचेल?

सुरुवात ० व्होल्ट. अंतिम: कपॅसिटर काढला की दोन रेझिस्टरचा डिव्हायडर उरतो, १२ × २० ÷ ३० = ८ व्होल्ट. बारा नव्हे, घाईत बारा धरणारे पुष्कळ असतात. टाऊ: सप्लायच्या जागी तार टाकली की १० आणि २० किलोओहम समांतर होतात, ६.६७ किलोओहम. त्याला ४७ मायक्रोफॅरडने गुणलं की ३१३ मिलिसेकंद.

वेळ = ३१३ × एलएन[(० − ८) ÷ (५ − ८)] = ३१३ × एलएन(२.६६७) = ३१३ × ०.९८१ = ३०७ मिलिसेकंद.

आता तोच कपॅसिटर ९ व्होल्टला कधी पोचेल? कंसात (० − ८) ÷ (९ − ८), म्हणजे −८ येतं. ऋण संख्येचा लॉग घ्यायला गेलात की कॅल्क्युलेटर ‘मॅथ एरर’ दाखवतो, आणि ते बरोबरच आहे: आठ व्होल्टकडे चाललेला कपॅसिटर नऊला कधीच पोचणार नाही. असा एरर आला तर आधी अंतिम आकडा पुन्हा तपासा. तो बरोबर असेल तर ‘पोचणार नाही’ हेच उत्तर लिहा. उत्तर ऋण वेळ आलं तर लक्ष्य उलट्या बाजूला आहे, सर्किट त्यापासून दूर चाललंय.

स्विच बंद केल्यावर काय होतं? १० किलोओहमची बाजू तुटते, कपॅसिटर फक्त २० किलोओहममधून रिकामा होतो. टाऊ आता ९४० मिलिसेकंद, चार्जिंगच्या तिप्पट. आठवरून एक व्होल्टवर यायला ९४० × एलएन(८) = १.९५ सेकंद. चार्ज आणि डिस्चार्जचा टाऊ एकच असतो हे गृहीत धरू नका. स्विच हलला की सर्किट बदललं, तिन्ही आकडे नव्याने काढायचे.

अंतिम म्हणजे सर्किट जिकडे चाललंय ते

नवख्यांना सगळ्यात जास्त चकवतो तो हा मुद्दा. एसटीच्या पाटीवर कोल्हापूर असतं आणि आपण कराडला उतरतो. तरी गाडीचा रस्ता पाटीवरच्या गावाने ठरतो, आपल्या उतरण्याने नाही. तसंच इथे: मधेच काहीतरी होऊन सर्किट थांबवलं जाणार असलं, तरी ‘अंतिम’मध्ये न थांबवता ते जिथे पोचलं असतं तोच आकडा घालायचा.

५५५ टायमर हे याचं उत्तम उदाहरण. हान्स कॅमेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी रचलेल्या या आयसीत ५ किलोओहमचे तीन सारखे रेझिस्टर सप्लायचे तीन समान भाग करतात. कपॅसिटर सप्लायच्या दोन-तृतीयांशाला पोचला की आयसी त्याला रिकामा करायला लागते. मोनोस्टेबलमध्ये, म्हणजे एका इशाऱ्याला एकच पल्स देणाऱ्या जोडणीत, सुरुवात ०, अंतिम पूर्ण सप्लाय, लक्ष्य सप्लायचे २/३. गुणोत्तर १ ÷ (१/३) = ३, आणि एलएन(३) = १.०९९. तोच हा पाठ केलेला १.१. १०० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड लावले तर ११ सेकंद.

अस्टेबलमध्ये, म्हणजे सतत पल्स देत राहणाऱ्या जोडणीत, कपॅसिटर १/३ पासून २/३ पर्यंत चढतो. अंतिम अजूनही पूर्ण सप्लायच. गुणोत्तर (२/३) ÷ (१/३) = २, एलएन(२) = ०.६९३. उतरताना सुरुवात २/३, अंतिम ०, लक्ष्य १/३, पुन्हा २. भागाकारात सप्लाय वरखाली दोन्हीकडे असल्याने कटतो, म्हणून ५ व्होल्टवर चालवा की १२ वर, वेळ जवळपास तीच. आणि सप्लाय दिल्यावरचा पहिलाच पल्स लांब का येतो तेही कळतं: तेव्हा कपॅसिटर १/३ वरून नाही, शून्यावरून निघालेला असतो, त्यामुळे ०.६९३ ऐवजी १.१ लागू होतो.

पाच नंबरच्या पिनवर ती २/३ ची पातळी असते; तिला बाहेरून दुसरं व्होल्टेज दिलं की पाठ केलेले दोन्ही आकडे बाद होतात, पद्धत मात्र टिकते. सप्लाय ९ व्होल्ट आणि पाचव्या पिनवर ४.५ व्होल्ट असेल तर मोनोस्टेबलचं लक्ष्य ४.५ झालं. एलएन(९ ÷ ४.५) = ०.६९३, म्हणजे तोच पल्स ११ ऐवजी ६.९ सेकंदांचा.

कॉइल: रिले चालू आणि बंद होताना

रिले म्हणजे कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच. १२ व्होल्टच्या छोट्या रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ४०० ओहम असतो, म्हणजे पूर्ण करंट ३० मिलिअँपिअर. इंडक्टन्स ०.८ हेन्री धरू. टाऊ = ०.८ ÷ ४०० = २ मिलिसेकंद. रिले ओढली जायला २२.५ मिलिअँपिअर लागत असतील तर वेळ = २ × एलएन(३० ÷ ७.५) = २ × १.३८६ = २.८ मिलिसेकंद. हा फक्त करंट चढायचा वेळ. लोखंडी पट्टी प्रत्यक्ष सरकायला वेगळा वेळ जातो, आणि ती सरकताना इंडक्टन्सही बदलतो, म्हणून डेटाशीटमधला आकडा याहून मोठा असतो.

खरी मजा बंद करताना आहे. रिले चालवणारा ट्रान्झिस्टर बंद झाला की कॉइलचा करंट समांतर लावलेल्या १एन४००७ डायोडमधून फिरत राहतो. डायोडवर ०.७ व्होल्ट पडतात आणि ते करंटला विरोध करतात. म्हणून अंतिम करंट शून्य नव्हे, −०.७ ÷ ४०० = −१.७५ मिलिअँपिअर. डायोड उलटा करंट जाऊ देत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात करंट शून्यावर थांबतो, पण समीकरणात −१.७५ च घालायचा. रिले ३ मिलिअँपिअरला सुटत असेल तर:

वेळ = २ × एलएन[(३० + १.७५) ÷ (३ + १.७५)] = २ × एलएन(६.६८) = ३.८ मिलिसेकंद.

अंतिम शून्य धरला असता तर ४.६ आलं असतं. आता डायोडच्या सिरीजमध्ये २४ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलटा करंट जाऊ देणारा डायोड) उलटा लावा. विरोध २४.७ व्होल्टचा झाला, अंतिम −६१.७५ मिलिअँपिअर. एलएन(९१.७५ ÷ ६४.७५) = ०.३४९, वेळ ०.७ मिलिसेकंद. टाऊ तोच, कॉइल तीच, वेळ पाचपट कमी, कारण अंतिम आकडा लांब नेला. याची किंमत ट्रान्झिस्टर मोजतो: त्याच्यावर १२ + २४.७, म्हणजे सुमारे ३७ व्होल्ट येतात. बीसी५४७ या ट्रान्झिस्टरची मर्यादा ४५ व्होल्ट आहे, तो टिकेल; पण ३६ व्होल्टचा झेनर लावलात तर टिकेल याची खात्री नाही. आणि डायोड किंवा झेनर काहीच न लावता रिले चालवणं हा ट्रान्झिस्टर घालवायचा हमखास मार्ग, कारण करंटला वाट न मिळाल्याने कॉइल शेकडो व्होल्टचा झटका देते.

टेबलावर पडताळून बघा

९ व्होल्टची बॅटरी, १०० किलोओहमचा रेझिस्टर (तपकिरी, काळा, पिवळा), १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, डिजिटल मल्टीमीटर आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत हे सुटे भाग एका फेरीत मिळतात. कपॅसिटरवर पट्टा असलेली बाजू ऋण, ती बॅटरीच्या ऋणालाच जोडायची.

कपॅसिटर बॅटरीला लावून भरा, बॅटरी काढा, रेझिस्टर कपॅसिटरला समांतर जोडा आणि मीटर लावून ठेवा. घड्याळ ९ व्होल्टला सुरू करायची धडपड नको. आकडा ८.०० दिसला की सुरू करा, ४.०० ला नोंद घ्या, २.०० ला पुन्हा नोंद घ्या. घातांकी वक्रावरचा कुठलाही बिंदू सुरुवात म्हणून चालतो. ८ ते ४ आणि ४ ते २ या दोन्ही टप्प्यांना सारखाच वेळ लागला पाहिजे, प्रत्येकी ०.६९३ टाऊ. दोन टप्प्यांच्या वेळा ठळकपणे वेगळ्या आल्या तर अंतिम आकडा शून्य नाही किंवा सर्किटमध्ये एलईडी, डायोडसारखं काही राहून गेलंय.

टप्प्याला ७.६ सेकंद लागले असं समजा. टाऊ = ७.६ ÷ ०.६९३ = ११ सेकंद. मीटरचा स्वतःचा रोध बहुतेक डिजिटल मीटरमध्ये १० मेगाओहम असतो, तो १०० किलोओहमला समांतर येऊन ९९ किलोओहम होतात. कपॅसिटन्स = ११ ÷ ९९,००० = १११ मायक्रोफॅरड. छापील १०० असताना १११ हे काही बिघडल्याचं लक्षण नव्हे. अशा कपॅसिटरला सर्रास अधिक-उणे २० टक्के सूट असते, ८० ते १२० मधलं काहीही चालतं. म्हणूनच उत्तरात दशांशानंतर चार आकडे लिहिण्यात अर्थ नाही.

रेझिस्टर १ मेगाओहमचा घेऊन चार्जिंग मोजायला गेलात तर मीटरचा रोध चांगलाच आडवा येतो. अंतिम व्होल्टेज ९ न राहता ९ × १० ÷ ११ = ८.१८ होतं आणि टाऊही नऊ टक्क्यांनी घटतो. ‘कपॅसिटर पूर्ण चार्जच होत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा मीटर असतो. दुसरं कारण गळती. साध्या इलेक्ट्रोलिटिकच्या अनेक डेटाशीटमध्ये गळतीची मर्यादा मायक्रोअँपिअरमध्ये ०.०१ × मायक्रोफॅरड × व्होल्ट अशी दिलेली असते. १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टसाठी ती १६० मायक्रोअँपिअर होते, आणि ९ व्होल्टवरचा १ मेगाओहम जास्तीत जास्त ९ मायक्रोअँपिअर देऊ शकतो. मर्यादेच्या जवळपास गळणारा नग हाती आला तर तो कधीच भरणार नाही. लांब वेळेसाठी रेझिस्टर बेसुमार वाढवत नेऊ नका.

आकडेमोडीतले खड्डे

एककं आधी जुळवा. किलोओहम गुणिले मायक्रोफॅरड म्हणजे मिलिसेकंद, मेगाओहम गुणिले मायक्रोफॅरड म्हणजे सेकंद, किलोओहम गुणिले नॅनोफॅरड म्हणजे मायक्रोसेकंद, मिलिहेन्री भागिले ओहम म्हणजे मिलिसेकंद. सिरॅमिक कपॅसिटरवरचे १०४ म्हणजे १०४ पिकोफॅरड नव्हे. १० वर चार शून्यं, १,००,००० पिकोफॅरड, अर्थात ०.१ मायक्रोफॅरड. इथे चुकलं की वेळ जवळजवळ हजारपट बदलते.

कॅल्क्युलेटरवर ‘लॉग’ आणि ‘एलएन’ ही दोन वेगळी बटणं आहेत. ‘लॉग’ दहाच्या पायाचा असतो, तो दाबला तर उत्तर २.३ पट लहान येतं. घातात ‘वेळ ÷ रोध × कपॅसिटन्स’ असं सलग टाइप केलं तर कॅल्क्युलेटर रोधाने भागून कपॅसिटन्सने गुणतो. खालचा गुणाकार कंसात टाका, किंवा त्याहून सोपं, टाऊ आधी काढून एकच आकडा भरा. आणि शेवटी उत्तर समीकरणात परत घालून बघा. १.१ टाऊ झाला असेल तर फरकाचा साधारण तिसरा हिस्सा उरला पाहिजे. नसेल उरत, तर कुठेतरी चूक आहे; आधी चिन्हं तपासा.

चार्ज राहिलेल्या कपॅसिटरला हात लावण्याआधी

हीच समीकरणं जीवही वाचवतात. २३० व्होल्टवर चालणाऱ्या एसएमपीएसमधला (स्विच मोड पॉवर सप्लायमधला) मोठा कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टला भरलेला असतो, आणि प्लग काढल्यावरही तसाच राहू शकतो. १०० मायक्रोफॅरडचा असेल तर त्यात ५.३ ज्यूल साठलेले असतात. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय असेल तर सोडा: ठिणगीने टोक जळतं, बोर्डवरच्या तांब्याच्या पट्ट्या उडतात, डोळ्याला इजा होऊ शकते.

त्याऐवजी १० किलोओहम, १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर घ्या आणि त्याला इन्सुलेशन असलेल्या क्लिपा लावा. टाऊ १ सेकंद. ३२५ वरून १० व्होल्टवर यायला एलएन(३२.५) = ३.५ सेकंद लागतात. कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरडचा असेल तर १६.४ सेकंद. पहिल्या क्षणी रेझिस्टरवर ३२५ × ३२५ ÷ १०,००० = १०.६ वॉट पडतात आणि लगेच उतरतात. पाव वॉटचा साधा रेझिस्टर इथे वापरू नका, त्याची व्होल्टेजची मर्यादाच बहुधा २५० व्होल्ट असते. आधी प्लग काढा, एका हाताने क्लिपा लावा, पाच टाऊ थांबा आणि मग मीटरने मोजा. क्लिपा काढल्यावर व्होल्टेज थोडंसं पुन्हा वर येतं, कारण डायइलेक्ट्रिकमध्ये (कपॅसिटरच्या आतल्या इन्सुलेटरमध्ये) मुरलेला चार्ज हळूहळू बाहेर पडतो. म्हणून बोर्डवर काम चालू असेपर्यंत रेझिस्टर लावलेलाच ठेवा.